लंडन ते टोकियो: अंतर ९,६०० किमी, मग चौदा तास का?

कंपासपेटी
जानेवारीत कामासाठी लंडनहून टोकियोला जायचंय. विमान थेट आहे, मध्ये कुठे उतरायचं नाही. सवयीप्रमाणे तिकीट हातात आल्याआल्या गणित करत बसले. या दोन शहरांमधलं अंतर कुठेही बघा, साधारण ९,६०० किमी येतं. विमान ताशी ९०० किमीने उडतं हे शाळेपासून ऐकत आलेय. भागाकार केला तर दहा तास चाळीस मिनिटं. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून सव्वाअकरा म्हणू.

तिकिटावर जाताना १३ तास ५० मिनिटं आणि येताना १४ तास ३० मिनिटं लिहिलंय. वेळेतला फरक (टोकियो नऊ तास पुढे) वजा करूनच हे सांगतेय, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

माझं काय चुकतंय? अंतर, वेग, की तिकीट? आणि जाण्यायेण्यात चाळीस मिनिटांचा फरक कसला? रस्ता तोच ना?

रिकामटेकडा_१
रस्ता तोच नाही, तिथेच तर सगळी गंमत आहे. पण मी बोलत नाही. धावपट्टी साहेब येतीलच, तोवर पुढच्या रांगेत जागा धरून बसतो.

शंकासुर
भाबडा प्रश्न. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे टोकियोहून लंडनला येताना लंडन आपणहून विमानाकडे सरकत असणार. मग येताना वेळ कमी लागायला हवा. इथे तर उलटंच दिसतंय. तिकीट छापणाऱ्याने अदलाबदल केली नाही ना?

भूमितीची_भीती
शंकासुर +१. हा प्रश्न मलाही लहानपणापासून छळतोय. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवलं की खालून देश सरकत जातील आणि हवा तो आला की उतरायचं, असं मी सातवीपर्यंत मानत होतो.

गणूमास्तर
शंकासुर, धावत्या रेल्वेत उभ्या उभ्या उडी मारून बघा. दोन डबे मागे जाऊन पडता का? नाही ना, कारण तुम्हीही गाडीच्याच वेगाने पुढे जात असता. विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हाच ते पृथ्वीबरोबर फिरत असतं आणि ज्या हवेत ते उडतं ती हवाही फिरतच असते. विषुववृत्तावर हा वेग ताशी १,६७० किमीच्या आसपास आहे. हवा जागच्या जागी राहून जमीन तेवढी फिरली असती, तर तिथे कायम ताशी १,६७० किमीचा वारा वाहिला असता. विमानाचं सोडा, गवतसुद्धा उभं राहिलं नसतं.

मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा उड्डाणाच्या वेळेवर परिणामच नाही असं नव्हे. तो आडमार्गाने होतो, वाऱ्यातून. त्याबद्दल नंतर.

आधी ताईंच्या ९,६०० या आकड्याकडे. तो बरोबर आहे. तो गोलावरचा सर्वांत आखूड रस्ता आहे, ज्याला महावृत्त म्हणतात. आता ग्लोब घ्या आणि लंडनवर बोट ठेवून टोकियोपर्यंत दोरा ताणा. दोरा पूर्वेला जाणारच नाही. तो लंडनहून उत्तरेपासून जेमतेम ३२ अंश पूर्वेकडे कलून निघतो, स्कँडिनेव्हियावरून जवळजवळ ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि सायबेरियावरून खाली जपानवर उतरतो. भिंतीवरच्या नकाशावर मात्र पट्टी ठेवली की वाटतं, पूर्वेला नाक करून सरळ सुटावं. त्या पट्टीच्या रेषेवरून खरंच उडालात तर मी केलेल्या हिशेबाने ११,३०० किमी होतात. सतराशे किलोमीटर फुकट.

भूमितीची_भीती
मास्तर, म्हणजे सरळ रेषा लांब आणि वाकडी आखूड? दहावीत हे सांगितलं असतं तर मी शास्त्र शाखेला गेलोच नसतो.

गणूमास्तर
@भूमितीची_भीती, रेषा नाही, कागद वाकडा आहे. मर्काटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये नकाशा काढला तो जहाजवाल्यांसाठी. त्यावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राचा एकच कोन धरून मुक्कामापर्यंत जाता यावं ही त्याची सोय होती. त्या सोयीपायी ध्रुवाकडचा भाग ताणला गेला. म्हणून ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

निवांत_नीला
दोऱ्याचा प्रयोग आत्ता मुलाच्या ग्लोबवर केला. खरंच सायबेरियावरून जातो! मुलगा म्हणतो, दोरा परत कर, पतंगाचा आहे.

धावपट्टी
आलो. बरीच वर्षं डिस्पॅचर होतो, म्हणजे उड्डाणाआधी मार्ग, इंधन आणि हवामान यांचा आराखडा करणारा माणूस. कंपासताई, तुमचं अंतर बरोबर, वेगही जवळपास बरोबर आणि तिकीटही बरोबर. चूक एकच झाली, त्या ९,६०० किमीच्या रस्त्याने विमान जाईल असं तुम्ही गृहीत धरलंत.

मास्तरांच्या दोऱ्याचा बराचसा भाग रशियावरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, ब्रिटन आणि युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि रशियाने उलट त्यांच्या विमानांना आपलं. जपानी कंपन्याही तेव्हापासून तो भाग टाळतात. त्याआधी लंडन-टोकियोला साडेअकरा ते बारा तास लागायचे, म्हणजे तुमचं सव्वाअकराचं गणित तेव्हाच्या जगात जवळपास पासच झालं असतं.

आता सहसा असं होतं की लंडनहून निघताना विमान आग्नेयेला वळतं. तुर्कस्तान, कॅस्पियन समुद्राचा परिसर, मध्य आशिया, चीन आणि मग जपान. परतीला बऱ्याच उड्डाणांचा रस्ता पूर्ण वेगळा असतो. टोकियोहून ती पश्चिमेला न जाता ईशान्येला निघतात. उत्तर पॅसिफिक, अलास्का, कॅनडाचा आर्क्टिक भाग, ग्रीनलँड आणि वरून खाली ब्रिटनवर. ढोबळ हिशेब हवा असेल तर अलास्कातल्या अँकरेजवरून दोरा ताणा. टोकियो-अँकरेज सुमारे ५,५०० किमी, अँकरेज-लंडन सुमारे ७,२००. बेरीज १२,७००. भागा तुमच्या ९०० ने. चौदा तास सहा मिनिटं. तिकिटाच्या जवळ आलो की नाही?

उरलेली मिनिटं जमिनीवर जातात. तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहून ब्रेक लागेपर्यंतची असते. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. मोठ्या विमानतळावर नुसतं धावपट्टीपर्यंत रांगेत सरकायला पंधरा-वीस मिनिटं जाणं नेहमीचंच.

कंपासपेटी
धावपट्टी साहेब, दंडवत. म्हणजे मी जाणार पूर्वेकडून आणि येणारही पूर्वेकडूनच? न विचारता पृथ्वीप्रदक्षिणा?

धावपट्टी
मार्ग त्या दिवशी तसाच ठरला तर हो. ध्रुवाभोवती फेरी पूर्ण. कुठला मार्ग हे उड्डाणाच्या काही तास आधी वारे बघून ठरतं, त्यामुळे लेखी देत नाही.

रिकामटेकडा_१
आणि कंपन्या वेळ मुद्दाम फुगवून लिहितात ते राहिलंच की! अकरा तासांचं बारा लिहायचं, साडेअकरात पोचवायचं आणि वर 'आपण नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो आहोत' अशी घोषणा करायची. लोक टाळ्या वाजवतात.

धावपट्टी
थोडं खरं आहे. वेळापत्रक महिनोनमहिने आधी करावं लागतं. त्या दिवशी वारा किती असेल ते तेव्हा कुणाला माहीत? म्हणून मागच्या हंगामांच्या नोंदी बघून बहुतेक दिवस पुरेल एवढी वेळ लिहितात. त्यात वक्तशीर दिसण्याचा मोह नसतोच, असा दावा करणार नाही.

खिडकीपाशी
वाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर माझं आवडतं उदाहरण. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकचा रस्ता सुमारे १३,९०० किमी, पॅसिफिकचा सुमारे १५,३००. म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि तरी वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी, साधारण साडेचौदा तास. कारण एकच, वारा पाठीशी.

शंकासुर
रस्ता जास्त आणि वेळ कमी. आता मी फक्त वाचणार, शंका विचारणं बंद.

खिडकीपाशी
(किती वेळ टिकतंय बघू.)

हे वारे म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार हवेचे पट्टे. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर ते तयार होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. मास्तर 'आडमार्गाने' म्हणाले ते हेच असावं. हिवाळ्यात हा तापमानाचा फरक वाढतो म्हणून वारेही वाढतात, कधी ताशी ३०० किमीच्याही वर जातात. आणि बरोबर त्याच उंचीवर विमानं उडतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी याला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता.

शंकासुर
ध्वनीचा वेग ताशी १,२०० च्या आसपास ना? मग जंबो जेटने ध्वनीची भिंत तोडली?? कुणी बोललं कसं नाही?

खिडकीपाशी
पस्तीस मिनिटं टिकलात.

गणूमास्तर
नाही तोडली. विमानाला जमिनीशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त भोवतालची हवा कळते. त्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने जात होतं, हवाच धावत होती. सरकत्या जिन्यावर चालणारा माणूस पळणाऱ्याच्या पुढे जातो म्हणून तो पळत होता असं होत नाही. आणि जाता जाता, ताशी १,२०० हा ध्वनीचा वेग जमिनीलगतचा. वरच्या उणे ५६ अंशांच्या थंडीत तो ताशी १,०६० किमीवर येतो.

भूमितीची_भीती
एक साधी गोष्ट सांगतो, तेवढी तरी मान्य करा. जाताना वारा मागून, येताना समोरून. जेवढं मिळवलं तेवढं गमावलं. जाऊन-येऊन हिशेब शून्य. खरं ना?

गणूमास्तर
नाही.

भूमितीची_भीती
अहो का पण?

गणूमास्तर
५,४०० किमीचा रस्ता धरा, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर जाताना सहा तास, येताना सहा, एकूण बारा. आता ताशी शंभराचा वारा सोडा. जाताना वेग १,०००, वेळ ५ तास २४ मिनिटं. येताना वेग ८००, वेळ ६ तास ४५ मिनिटं. बेरीज बारा तास नऊ मिनिटं. ही नऊ मिनिटं कुठून आली? समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता म्हणून. वारा दोन्ही वेळी शंभरच होता, पण मदत त्याने ५ तास २४ मिनिटं केली आणि त्रास पावणेसात तास दिला.

भूमितीची_भीती
माझ्या सदस्यनामाचा मान राखून मी इथे थांबतो.

रिकामटेकडा_१
हसून हसून पुरे वाट. मास्तर, त्या दोन अक्षरी 'नाही'ची वाचनखूण साठवली आहे.

आजोबा_ऑनलाइन
धागा वाचून जुनं आठवलं. १९७९ साली लंडनहून टोकियोला गेलो होतो. तेव्हाही रशियाचं आकाश सहज मिळत नसे आणि विमानांची झेपही आजच्याएवढी नव्हती. लंडनहून निघायचं, ग्रीनलँडच्या बर्फावरून अँकरेजला उतरायचं, तिथे इंधन भरायचं आणि पुन्हा उडायचं. ही वाट स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगन-अँकरेज-टोकियो अशी सुरू केली होती. अँकरेजच्या प्रतीक्षालयात काचेच्या पेटीत मागच्या पायांवर उभं केलेलं भलंमोठं पांढरं अस्वल होतं, भुसा भरलेलं. युरोपातून जपानला जाणारा जो तो त्याच्याशेजारी उभा राहून फोटो काढायचा. माझाही आहे. त्यात अस्वल ताजंतवानं दिसतंय, मीच भुसा भरल्यासारखा.

पुढे १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सुरू केलं, तेही ध्रुवाकडून वळसा घालून. नंतर सायबेरियावरचा रस्ता मोकळा होत गेला आणि अँकरेज हे नाव प्रवासी विसरले. धावपट्टींनी आज १२,७०० ची बेरीज मांडली तेव्हा लक्षात आलं, ही तर माझीच वाट. फक्त थांबा गेला.

निवांत_नीला
आजोबा, फोटो टाका ना!

आजोबा_ऑनलाइन
नीलाताई, शोधतो. ट्रंकेत असेल. ट्रंक कुठे आहे ते आधी शोधावं लागेल.

धावपट्टी
आजोबा, क्या बात. त्या वाटेची एक दुःखद आठवणही आहे. १ सप्टेंबर १९८३ ला न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन विमान भरकटत सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. मार्गदर्शक यंत्रणेऐवजी स्वयंचालक (ऑटोपायलट) नुसत्या होकायंत्राच्या दिशेवर राहिला होता, असं चौकशीत निघालं. तेव्हा जीपीएस लष्करापुरतं होतं. या घटनेनंतर अमेरिकेने ते नागरी वापराला खुलं करण्याचं जाहीर केलं. आज आपण फोनवर 'किती अंतर, किती वेळ' सहज बघतो, त्यामागे हेही आहे.

निवांत_नीला
हे माहीत नव्हतं. काही वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

शंकासुर
गंभीर प्रतिसादानंतर माझी शंका नको वाटते, पण राहवत नाही. होकायंत्राचा विषय निघालाय म्हणून. ध्रुवाजवळ होकायंत्र दिशा दाखवतं कुठली?

धावपट्टी
विश्वास ठेवण्यासारखी कुठलीच नाही. तिथे सुई डळमळते आणि खऱ्या उत्तरेचीही अडचण होते, कारण थोडंसं सरकलं तरी रेखांश भराभर बदलतात. म्हणून त्या भागासाठी आखलेल्या चौकटीवरून दिशा मोजतात. आणखी एक काळजी इंधन गोठण्याची. जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७ अंश. बाहेर त्याहून थंड असतं, त्यामुळे टाक्यांचं तापमान बघत राहायचं. फारच उतरलं तर वेग थोडा वाढवायचा किंवा खाली, जरा उबदार हवेत यायचं. हीही मिनिटं तुमच्या तिकिटात मुरलेली असतात.

रिकामटेकडा_१
बरोबर ध्रुवावर असताना डावीकडची खिडकी कुठल्या दिशेला असते?

खिडकीपाशी
दक्षिणेला.

रिकामटेकडा_१
आणि उजवीकडची?

खिडकीपाशी
दक्षिणेला. पुढची सीट दक्षिणेला, मागची दक्षिणेला. स्वच्छतागृहाची रांग मात्र आहे तिथेच.

चक्रम_चक्रधर
अवांतर: सगळे लांबच्या उड्डाणांवर बोलताय म्हणून उलटं टोक सांगतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे नियमित उड्डाण आहे, अंतर २.७ किमी. अनुकूल वाऱ्यात ते ५३ सेकंदांत झालंय. कंपासताईंची पद्धत तिथे लावली तर भागाकार संपेपर्यंत विमान उतरलेलं असेल.

निवांत_नीला
मग सर्वांत लांबचं कुठलं?

चक्रम_चक्रधर
न्यूयॉर्क-सिंगापूर, सुमारे १५,३०० किमी, साधारण अठरा-एकोणीस तास. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क-सिडनी असं एक प्रायोगिक उड्डाण १९ तास १६ मिनिटांत झालं होतं, पण त्यात मोजकीच माणसं आणि सामान बेताचं. नाहीतर इंधन पुरलं नसतं.

पण तासांतच मोजायचं तर जुन्यांना नमस्कार. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ मध्ये पर्थहून श्रीलंकेला कॅटालिना नावाची उडती बोट जायची, मध्ये कुठेही न उतरता. २७ ते ३३ तास! प्रवाशांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसायचा, म्हणून त्याला 'डबल सनराइज' म्हणत.

भूमितीची_भीती
तेहतीस तास. आणि मी चौदा तासांसाठी मानेची उशी कुठली घ्यावी यावर दोन आठवडे घालवले होते.

शंकासुर
एवढी प्रगती झाली तर विमानांचा वेग का वाढला नाही? १९५८ मध्ये बोइंग ७०७ आलं तेही ताशी नऊशेच्याच आसपास उडायचं म्हणतात.

धावपट्टी
ही शंका चांगली आहे. ध्वनीच्या वेगाच्या जवळ जावं तसा हवेचा विरोध एकदम उसळतो. आजची विमानं ध्वनीच्या ८५ टक्के वेगाला उडतात, त्याच्या पुढे इंधनाचा खर्च परवडत नाही. कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाने ती भिंत ओलांडली, १९९६ मध्ये न्यूयॉर्क-लंडन दोन तास ५३ मिनिटांच्या आत केलं, पण ते गेलं. साठ वर्षांत वेग तोच राहिला. वाढली ती झेप. आजोबांचा अँकरेजचा थांबा त्या झेपेने गिळला.

गणूमास्तर
शेवटी एक ठोकताळा देऊन ठेवतो, पुढे कुणी शोधत आलं तर. महावृत्ताचं अंतर ८५० ने भागा आणि वर अर्धा तास टाका. लंडन-न्यूयॉर्क ५,५४० किमी, उत्तर सात तास. पूर्वेला जाताना त्यातून थोडं काढा, पश्चिमेला जाताना घाला. मात्र वाटेत बंद आकाश असेल तर ठोकताळा गुंडाळून ठेवा आणि ग्लोबवर दोरा ताणा.

निवांत_नीला
(पतंगाचा नको. दुसरा.)

---

कंपासपेटी
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफ करा. जाऊन आले!

शुक्रवारी संध्याकाळी सातला लंडन सोडलं. धावपट्टी साहेब म्हणाले तसंच, विमान आग्नेयेला वळलं. समोरच्या पडद्यावर काळा समुद्र, कॅस्पियन, मग वाळवंटं. जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत १३ तास १० मिनिटं. उरलेली चाळीस मिनिटं दोन्ही टोकांना सरकण्यात, अगदी हिशेबाबरोबर.

परतीचं विमान पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी होतं. शेजारचे गृहस्थ पडद्याकडे बघून अस्वस्थ झाले, 'हे उलटीकडे का चाललंय?' म्हणाले. मी त्यांना या धाग्याचं सार ऐकवलं. दोऱ्यासकट. ते लवकर झोपले.

पण आता नवा घोळ. शनिवारी सकाळी टोकियोत उजाडलेलं मी स्वतः पाहिलं. विमान निघालं, तीन-चार तासांत अलास्काकडे जाताना अंधार झाला. लांबलचक काळोख, खाली काही दिसेना. मग ब्रिटनच्या वर कुठेतरी पुन्हा उजाडलं आणि लंडनला उतरलो तर दुपार, आणि वार शनिवारच! घरी नवऱ्याने या काळात आठ सकाळी मोजल्या. माझ्या नऊ झाल्या. डायरीत लिहून ठेवल्यात, म्हणून खात्रीने सांगते. जास्तीची सकाळ कुठून आली?

गणूमास्तर
ताई, याच प्रश्नावर १५२२ मध्ये अख्खं जहाज चक्रावलं होतं! मॅगेलनच्या मोहिमेतली 'व्हिक्टोरिया' पृथ्वीला फेरी मारून परत येताना केप व्हर्दे बेटांशी थांबली. जहाजावरच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. मोहिमेचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेट्टा रोज न चुकता नोंद करत होता, एकही दिवस गाळलेला नाही अशी त्याची खात्री होती. आणि खरंच गाळला नव्हता. ते पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्याच दिशेने फेरी मारून आले, म्हणून सूर्य त्यांना एकदा कमी उगवला. तुम्ही पूर्वेकडून फेरी मारलीत, सूर्याला सामोऱ्या गेलात, म्हणून एकदा जास्त. पॅसिफिकमध्ये वाररेषा (जिथे तारीख बदलते ती रेषा) ओलांडली तेव्हा कॅलेंडर एक दिवस मागे गेलं आणि हिशेब जुळला. त्यांना तीन वर्षं लागली, तुम्हाला आठ दिवस.

चक्रम_चक्रधर
वाररेषेचा घोळ याहून स्वस्तात हवा असेल तर सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला जा. सव्वाशे किमीच्या आसपास अंतर, अर्ध्या तासाचं उड्डाण आणि उतरल्यावर कालचा दिवस.

शंकासुर
थांबा. ताईंनी नऊ दिवस काढले आणि नवऱ्याने आठ. मग ताईंचं वय नवऱ्यापेक्षा एका दिवसाने जास्त वाढलं?

गणूमास्तर
नाही.

शंकासुर
मास्तर, यावेळी दोन वाक्यं तरी लिहा.

गणूमास्तर
दोघांच्या हातातल्या घड्याळांनी तेवढेच तास मोजले. ताईंच्या दिवसांपैकी काही चोवीस तासांपेक्षा आखूड होते, एवढंच.

आजोबा_ऑनलाइन
ट्रंक सापडली. अस्वलाचा फोटोही सापडला. मागे तारीख लिहिलेली आहे, पण दोन तारखा लिहून एक खोडलीय. आज कळलं का ते.

कंपासपेटी
आजोबा, फोटो टाकाच आता. माझीही तीच गत आहे. ऑफिसच्या हजेरीपत्रकात प्रवासाचे दिवस भरायचेत, आणि शनिवारचा रकाना एकच आहे.